वकीलसाहेब, यांना सांगा

शिटी वाजली तशी म्हातारीने दोन्ही हातांनी कान झाकले, कानवाल्याने दात आवळले, आणि वकील मात्र टेबलाखाली आपला पुढचा पंजा चाटत राहिला. झालं ते एवढंच. श्रवणयंत्र कानात नीट बसलं नाही की असं किंचाळतं, त्याच्या दुकानात ते दिवसातून दहादा किंचाळायचं, त्याचं कुणाला काय? पण दारासमोरून चाललेलं एक परकं कुत्रं दचकून थांबलं, आत बघून दोनदा भुंकलं, आणि घरचं कुत्रं, अकरा वर्षं पोसलेलं, अलीकडे तर चांगलं गुटगुटीत झालेलं, पंजाच चाटत बसलं. कानवाला वाकून टेबलाखाली बघायला लागला. "अरे बाळा, माझा कान इथे वर आहे," म्हातारी म्हणाली. त्याने तिचं यंत्र बसवून दिलं, तिला दारापर्यंत पोचवलं, आणि सकाळचे पावणेअकरा वाजलेले असताना दाराला 'जेवायची सुट्टी' अशी पाटी लावली. घरात रंगकाम चाललं होतं म्हणून त्याने कुत्र्याला त्या दिवशी दुकानात आणलं होतं. रंगकाम काढलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कितीतरी वेळा वाटलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला तपासणीची खोली होती. खोली कसली, जाड दाराचं एक मोठं कपाटच. भिंतींना स्पंज, मधोमध खुर्ची, समोर काच. आतल्या माणसाने आवाज आला की बटण दाबायचं आणि कानवाल्याने काचेबाहेर बसून कार्डावर खुणा करायच्या. अठ्ठावीस वर्षं तो तिथे बसत होता. ऐकू न येताच अंदाजाने बटण दाबणारे त्याला चेहऱ्यावरून कळत. बायकोने हाताला धरून आणलेले नवरे तर चपला काढायच्या पद्धतीवरूनच कळत. मग दुसरी तपासणी, शब्दांची. ओठ दिसू नयेत म्हणून तो तोंडासमोर पुठ्ठा धरायचा आणि सपाट आवाजात म्हणायचा, मी म्हणतो तो शब्द परत म्हणा. खिडकी. चमचा. पाऊल. लोक खिडकीला भलतंच काहीतरी म्हणत आणि तो हसायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा धर्म होता. त्या खुर्चीवर त्याने वकिलाला बसवलं. वकिलाने दोन गिरक्या घेतल्या आणि बैठक मारली. कानवाल्याने आवाज एकेक पायरी चढवत नेला. काच थरथरायला लागली, शेजारच्या घड्याळवाल्याने भिंतीवर बुक्क्या मारल्या, आणि वकिलाने मोठी जांभई दिली. मग सवयीने त्याने कार्ड भरलं. नाव, वकील. वय, अकरा. डावा कान, प्रतिसाद नाही. उजवा कान, प्रतिसाद नाही. 'त्रास केव्हापासून' या रकान्याशी त्याची पेन्सिल थांबली. दारावरची घंटा वाजली तरी हल्ली हा उठायचा नाही, ते म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. फटाफट आठवायला लागलं तसं वर्षभर मागे जावं लागलं. अठ्ठावीस वर्षं गावाचे कान तपासणाऱ्या माणसाच्या पायाशी वर्षभर एक ठार बहिरा प्राणी झोपत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसरा कुणी असता तर त्याने बिचाऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला असता आणि डोळे पुसले असते. कानवाल्यालाही वाईट वाटलं, नाही असं नाही, पण ते दुसऱ्या क्रमांकाला. पहिल्या क्रमांकाला त्याच्या मनात जे आलं त्याची त्याला लाज वाटली. मनात आलं, आता आम्ही बोलायचं कसं?

कारण कानवाला आणि त्याची बायको तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणजे घरात बोलणं भरपूर होतं, पण ते सगळं वकिलाशी. वकील काळाकुळकुळीत, गळ्याखाली पांढरा पट्टा, म्हणून मुलीने शाळेत असताना ठेवलेलं ते नाव. मुलगी मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली, आणि वकिलाला काम लागलं. तीन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ कानवाल्याला अजून डोळ्यासमोर होती, फक्त डोळ्यासमोर, तिला आवाज नव्हता. तो जेवणाच्या टेबलावर भिंगाखाली एक मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू पकडून बसला होता. बायको कामावरून आली. ती मोटार चालवायला शिकवायची, गल्लीत तिला मास्तरीणबाई म्हणत. किल्ल्या हातात तशाच, चपला पायात तशाच, ती दारात उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. फार नाही, दोन वाक्यं. तो म्हणाला, "हं." तिने विचारलं, "काय म्हणाले मी?" त्याने वर बघितलं. डोक्यात साफ कोरा कागद. अशा वेळी माणसाने सरळ पाय धरावेत. त्याने अंदाज बांधले. "गॅस संपला?" "मुलीचा फोन आला होता?" "नळाचं ना? बघतो उद्या." प्रत्येक अंदाजाबरोबर तो हातभर खड्डा खणत गेला. मग ती खाली वाकून कुत्र्याला म्हणाली, "वकीलसाहेब, यांना सांगा, लोकांचे कान दुरुस्त करता करता स्वतःचे दुकानातच विसरून येतात रोज." इथे गप्प बसायचं. पण स्क्रू हरवला होता, मान दुखत होती, आणि तोंड हा अवयव काही कानासारखा नाही, तो स्वतःहून चालतो. तो म्हणाला, "वकील, सांग तिला, ऐकण्यासारखं बोललं तर माणूस ऐकतो." वाक्य तोंडातून सुटलं आणि त्याला ते परत ओढून घ्यावंसं वाटलं. तिने किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि ती आत गेली.

सकाळी उठून पाहतो तर चहा तयार आणि ती कुत्र्याशी बोलतेय. "वकीलसाहेब, यांना विचारा, डबा नेणार का." तो म्हणाला, "सांग तिला, नेणार." अबोले त्यांच्यात पूर्वीही झाले होते, दोन दिवस, तीन दिवस, एकदा तर आठवडा, मग कुणाला तरी पडसं व्हायचं आणि सुटायचे. हा सुटेना, कारण हा अबोला वाटेचना. उलट इतकं बोलणं त्यांच्यात सत्तावीस वर्षांत झालं नव्हतं. तोंडावर जे बोलवत नाही ते कुत्र्याला सांगता येतं. तिच्याकडचा तो एक शिकाऊ, वळण आलं की डोळे मिटून घेणारा, त्याच्या हकिकती ती वकिलाला रंगवून सांगायची आणि कानवाला वर्तमानपत्राआड पोट धरून हसायचा. तोही दुकानातल्या गमती वकिलाला सांगायचा आणि स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबायचा. "वकीलसाहेब, यांना सांगा, मफलर घ्या, खोकला परत येतोय." असं सगळं सुरळीत. फक्त एक गेलं होतं. 'अहो' गेलं होतं. सत्तावीस वर्षं ते घरात दिवसातून शंभरदा वाजायचं, न्हाणीघरातून, जिन्यावरून, उशीवरून, रागाचं, लाडाचं, झुरळ दिसल्याचं, आणि त्याने त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. फ्रीजची घरघर बंद पडली की मगच कळतं ती चालू होती, तसं त्याचं झालं. आणि तिने त्या संध्याकाळी दारात उभं राहून काय सांगितलं होतं, हे त्याला कळलेलं नव्हतं. ते कुत्र्यामार्फत विचारण्यासारखं नव्हतं आणि कुत्र्याशिवाय विचारायची सवय गेली होती.

तेव्हा त्याने ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. कुत्रा बहिरा आहे हे कळल्यावर ती त्याच्याशी बोलायची थांबेल, शहाणी बाई आहे, भिंतीशी कशाला बोलेल? आणि ती थांबली की घरात उरेल फक्त नळाची टपटप. आवाज-बंद खोलीत आपण रोज लोकांना कोंडतो, आता आपली पाळी, असं त्याला वाटलं. कार्ड त्याने घडी करून पाकिटात ठेवलं आणि डोकं चालवलं. घराची जमीन लाकडी होती. बहिऱ्याला आवाज कळत नाही पण हादरा कळतो, एवढी विद्या त्याच्याकडे होती. ती 'वकीलसाहेब' म्हणाली रे म्हणाली की तो टेबलाखाली टाच आपटायचा. वकील मान वर करायचा, आणि काय आश्चर्य, थेट तिच्याकडेच बघायचा, शेपूट हलवत तिच्याजवळ जायचा. जात्याच हुशार, कानवाल्याला वाटायचं, वर्षभर कसं निभावलं असेल एकट्याने! अकरा दिवस त्याने हे केलं. टाच सुजली. "वकीलसाहेब, यांच्या पायाला काय झालंय विचारा." "सांग तिला, मुंग्या येतात." "दोन्ही वेळा जेवतानाच येतात का, विचारा." "सांग तिला, हो."

अशात मुलीने तंबू पाठवला. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून भेट, वर तळ्याकाठची एका रात्रीची जागाही ठरवून टाकलेली. फोनवर म्हणाली, "मस्त दोघंच जा. वकिलाला माझ्याकडे सोडा." "नाही!" दोघं एकदम ओरडली. फोन स्पीकरवर होता, मुलगी दचकली. तीन वर्षांत दोघांनी मिळून उच्चारलेला तो पहिला शब्द. आपण का ओरडलो ते कानवाल्याला माहीत होतं, ती का ओरडली हे त्याला उमगलं नाही. जीव आहे तिचा कुत्र्यावर, त्याने स्वतःला सांगितलं.

मोटार शिकवणीचीच होती. टपावर पाटी, आणि शेजारच्या सीटखाली शिकवणाऱ्यासाठी दुसरा ब्रेक. गाडी कानवाला चालवत होता आणि मास्तरीण आपल्या नेहमीच्या जागी, त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून. तीस वर्षांच्या संसाराचं हे एवढं अचूक वर्णन दुसरं नसेल, असं त्याच्या मनात आलं, पण सांगायचं कुणाला? पाटी बघून मागचे लोक लांब राहत होते. "वकीलसाहेब, यांना सांगा, ट्रक जाऊ द्या आधी." वकील मागच्या सीटवर घोरत होता, आणि चालत्या गाडीत सगळंच हादरतं, तिथे टाच काय करणार? कानवाल्याने ब्रेकला हलकासा झटका दिला. वकील सीटवरून घरंगळला आणि उठून बसला. मास्तरणीने हात मागे नेला, कुत्र्याने तिची मूठ हुंगली, आणि ती समोर बघत म्हणाली, "वकीलसाहेब, सांगा यांना, असा ब्रेक माझे पहिल्या दिवशीचे लोकसुद्धा मारत नाहीत." तळं येईपर्यंत कानवाल्याने आठ वेळा तसा ब्रेक मारला. आठही वेळा तिचा हात मागे गेला.

तळं चांगलं होतं. पाणी स्वच्छ, पलीकडे झाडांची रांग, काठावर बोटभर गवत. उतरताक्षणी कानवाल्याने टाच आपटून बघितली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जमीन मऊ होती. टाच गवतात रुतली, आवाज नाही, हादरा नाही, काही नाही. त्याने इकडे आपटली, तिकडे आपटली, जरा लांब जाऊन दोन्ही पायांनी उडी मारली. मास्तरीण कमरेवर हात ठेवून बघत होती. "वकीलसाहेब," ती म्हणाली, "यांना विचारा, हे काय नवीन?" वकील पाण्यातल्या बदकाकडे बघत होता, तिच्याकडे त्याची शेपटी होती. कानवाला घाईघाईने म्हणाला, "सांग तिला, जागा सपाट आहे का बघतोय." तंबू लावताना तर कहर झाला. "वकीलसाहेब, ती काठी उलटी आहे." "वकील, सांग तिला, कागदावर अशीच दाखवलीय." "वकीलसाहेब, कागद उलटा आहे." वकील एव्हाना गवतात लोळून चारी पाय वर करून पडला होता. तिच्या लक्षात कसं येत नाही, कानवाल्याला घाम फुटला. रोज शंभर शिकाऊंच्या पायाकडे न बघता कुणाचा पाय कुठे आहे हे सांगणारी बाई. येतंय लक्षात, येतंय, आता विचारेल, आता म्हणेल, अगंबाई याला ऐकू येत नाही की काय, आणि संपलं. शेवटी तंबू उभा राहिला, पण पेंगत असल्यासारखा, एका अंगावर कलून. आतून बघितलं तर दोन माणसांना जेमतेम पुरेल एवढा. मध्ये वकील झोपला म्हणजे बरं पडेल, त्याने विचार केला, आणि तीस वर्षांच्या बायकोशेजारी झोपायला आपल्याला मध्यस्थ लागतो या विचाराने तो जरा वेळ काठावर जाऊन बसला.

दिवस मावळला. छोट्या स्टोव्हवर चहा झाला, पाव-अंडी झाली, भांडी घेऊन दोघं पाण्याकडे गेली. तिने घासली, त्याने विसळली, दोघांत एक शब्द नाही, कारण वकील बरोबर आला नव्हता. परत येऊन बघतात तर तंबूने लोळण घेतलेली, आणि कुत्रा गायब. "वकील!" ती ओरडली. मोटार शिकवणाऱ्या बाईचा आवाज, वर्दळीच्या चौकात खिडक्या बंद असतानाही ऐकू जाणारा, तो पाण्यावरून पलीकडे गेला आणि परत आला. "वकीऽऽल!" कानवाल्यानेही हाक दिली. एकच टॉर्च होता म्हणून दोघं बरोबर निघाली, काठाकाठाने, ती हाका मारतेय, तोही मारतोय, ती थांबली की तो, तो थांबला की ती. अंधार हळूहळू पाण्यातून वर येत होता. आणि कानवाल्याला पहिल्यांदाच कुत्र्याची भीती वाटली, म्हणजे कुत्र्यासाठी. आतापर्यंत तो आपल्याच घराचा विचार करत होता. आता त्याला दिसलं ते एक म्हातारं काळं जनावर, अंधारात, निसरड्या काठावर, हमरस्ता दोन फर्लांगांवर, आणि मागून येणारं काही म्हणता काही त्याला कळणार नाही. आपण हाका मारतोय म्हणजे वेळ घालवतोय. आपण नाटक करतोय, आणि या नाटकात ते बिचारं मरेल. "वकीऽऽल!" ती पुन्हा ओरडली, आवाज फाटला होता तिचा.

"ओरडू नकोस," कानवाला म्हणाला. "त्याला ऐकू येत नाही."

तीन वर्षांत तिला उद्देशून म्हटलेलं हे पहिलं वाक्य. ती थांबली. टॉर्चचा उजेड तिच्या पायाशी होता, चेहरा दिसत नव्हता. त्याने पाकिटातून कार्ड काढलं आणि उजेडात धरलं. "दोन्ही कान. तपासलंय मी. दुकानात. प्रतिसाद नाही."

"मला माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"बहिरा आहे ते. मागच्या थंडीपासून. गाडी मागे घेत होते, हा चाकामागे झोपलेला. हॉर्न दिला. अख्खी इमारत गॅलरीत आली, हा उठला नाही. उतरून उचलला."

"आणि मग आत्ता हाका कशाला मारतेयस?"

"तुम्ही मारत होता ना! मी मारल्या नसत्या तर तुम्हाला कळलं असतं."

"अगं, मी मारत होतो ते तुला कळू नये म्हणून!"

मग तिने वेगळ्याच आवाजात विचारलं, "म्हणजे ते पाय आपटणं?" "हो." "मला वाटलं तुम्हाला वातबीत झाला. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय मी बुधवारची." "आणि तो बरोबर तुझ्याकडेच कसा बघायचा?" तिने मूठ पुढे करून उघडली. मुठीत बिस्किटाचा चुरा होता. वर्षभर ती 'वकीलसाहेब' म्हणताना मुठीत बिस्कीट धरत होती. कानवाल्याला कुत्र्याचं ते गुटगुटीत अंग आठवलं, गाडीत आठ वेळा मागे गेलेला हात आठवला, आणि त्याला हसू यायला लागलं, पण कुत्रा सापडला नव्हता म्हणून त्याने ते दाबलं. "का पण?" त्याने विचारलं. "मला का नाही सांगितलंस?" "तुम्ही बोलायचे थांबला असता," ती म्हणाली. "तुम्ही का नाही सांगितलंत?" त्याने कार्ड परत पाकिटात कोंबलं. तिला कळलं असावं, कारण तिने टॉर्च त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "चला, गाडीचे दिवे लावू. त्या उजेडात काठ दिसेल."

ती गाडी वळवत होती, तो पुढे चालत होता. दिवे आधी पाण्यावर पडले, मग झाडांवर, मग त्या लोळलेल्या तंबूवर. तंबूच्या कापडाखाली मधोमध एक उंचवटा होता. उंचवटा वरखाली होत होता. कानवाल्याने कापड उचललं. खाली दोघांच्या चादरी ओढून, त्यांचा ढीग करून, वकील गाढ झोपला होता. डोक्यावर तंबू पडला, दोन माणसं घसा फाटेस्तोवर ओरडली, त्याची झोप मोडली नव्हती. उजेड तोंडावर आला तेव्हा त्याने एक डोळा उघडला, दोघांना बघितलं, शेपटी दोनदा आपटली, आणि डोळा परत मिटला. मास्तरीण गवतात बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता कुत्र्याला एक चापट मारली, पुन्हा हसली. कानवाला तिच्या शेजारी बसला. मध्ये हातभर जागा सोडून, परक्या बाईशेजारी बसावं तसा.

आणि मग पंचाईत झाली. कुत्रा झोपलेला, बहिरा असल्याचं जाहीर झालेलं, आता बोलायचं कुणाशी? दोघांनी घसे खाकरले. ती म्हणाली, "डास आहेत." तो म्हणाला, "आहेत खरे." लग्न ठरवायला गेलो होतो तेव्हाही यापेक्षा बरं बोललो होतो, त्याला वाटलं. पण आता नाही विचारलं तर कधीच नाही. त्याने तळ्याकडे बघून विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाली होतीस? दारात. किल्ल्या होत्या हातात. मी नव्हतं ऐकलं. खरंच नव्हतं ऐकलं, आणि नंतर जे बोललो ते..." वाक्य त्याच्याने पुरं होईना. तिने हातावरचा एक डास मारला. मग म्हणाली, "आठवत नाही."

"आठवत नाही?"

"पहिले काही महिने होतं लक्षात. वाटायचं, आज विचारतील, उद्या विचारतील. मग कधीतरी गेलं डोक्यातून." तिने गवताची काडी तोडली. "काहीतरी चांगलं होतं, एवढं आठवतंय. घाईघाईने जिना चढून आले होते सांगायला. एवढंच राहिलंय."

यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. काहीतरी चांगलं होतं. जगात एक चांगली गोष्ट घडली होती, ती धापा टाकत त्याच्या दारापर्यंत आली होती, आणि आता ती कुणालाच ठाऊक नव्हती, तिला नाही, त्याला नाही, आणि वकिलाने ऐकली असेलही, तेव्हा त्याचे कान शाबूत होते, पण त्याचा काही उपयोग नव्हता. कानवाल्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, अंधार होताच. "चुकलो मी," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली. "बराच चुकलात." आणि तिने मधली हातभर जागा सरकून भरून काढली.

वकील काही तंबूतून हलेना, त्याला हलवायचं दोघांच्या जिवावर आलं, म्हणून ती दोघं गाडीत झोपली. ती चाकाच्या बाजूला, सीट मागे टाकून, आणि कानवाला तिच्या नेहमीच्या जागी. दार अर्धं उघडं ठेवलं होतं, तिथून कुत्र्याचं घोरणं ऐकू येत होतं. त्याला डुलकी लागत होती. पाय लांब केला की बाहेर काठ लाल व्हायचा, आखडला की अंधार, हे त्याला दोन-तीनदा अर्धवट दिसलं. ती काहीतरी पुटपुटली. तो म्हणाला, "हं."

आणि ताडकन उठून बसला, टपावर डोकं आपटलं. "काय म्हणालीस?"

"काही नाही, झोपा."

"नाही, नाही. सांग. काय म्हणालीस?"

"म्हटलं, पाय पसरू नका. ब्रेक दाबला जातोय. मागचा दिवा लागतो, बॅटरी उतरेल."

कानवाल्याने पाय पोटाशी घेतले. मग ताठ बसून, तपासणीला आलेल्या माणसासारखं, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "पाय पसरू नका. ब्रेक दाबला जातोय. मागचा दिवा लागतो, बॅटरी उतरेल."

मग अंधारात तिच्या सीटचा आवाज आला, ती कुशीवर वळली असावी. "खिडकी," ती म्हणाली. आवाज सपाट, हुबेहूब त्याच्यासारखा. इतकी वर्षं तो घरी येऊन नकला करायचा त्या तिने ऐकल्या होत्या तर.

"खिडकी," तो म्हणाला.

"चमचा."

"चमचा."

"सकाळी तंबू तुम्ही गुंडाळायचा आहे."

"सकाळी तंबू मी," तो थांबला. "सकाळी तंबू तुम्ही गुंडाळायचा आहे."

ती हसली. बाहेर पाण्यात कुठेतरी मासा उडाला. ती पुढे काही बोलेना आणि तो कान देऊन बसला, अख्ख्या आयुष्यात बसला नव्हता तसा. आता ती झोपली असेल, असं त्याला वाटलं.

"अहो," ती म्हणाली.

शब्द परत म्हणायचा, हे तो साफ विसरला.

"ओ," तो म्हणाला.